टोर्नेडोनंतरचं ग्रीन्सबर्ग
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वावटळ आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. वैशाखात भर दुपारी मोकळ्या रानात धुळीचा एक खांब उभा राहतो, पाचोळा गरगरवत चार-दोन वावरं ओलांडतो आणि बांधापाशी विरून जातो. चक्रीवादळही आपल्याला नवं नाही. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडे कसं आलं आणि नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या, हे कोकणातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. टोर्नेडो मात्र या दोन्हींहून वेगळा. वर्तमानपत्रात त्यालाही कधीकधी 'चक्रीवादळ' म्हणतात, म्हणून आधी थोडा फरक सांगतो.

चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं. त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो आणि ते येणार हे चार-पाच दिवस आधी कळतं. आपली वावटळ तापलेल्या जमिनीतून वर उठते, तीही निरभ्र आकाशात. टोर्नेडो येतो तो गडगडणाऱ्या ढगाच्या पोटातून. अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, उबदार वारा येतो आणि पश्चिमेच्या डोंगरांकडून कोरडा वारा येतो. जमिनीलगतचा वारा एका दिशेचा आणि वेगाचा, तर वरचा दुसऱ्याच दिशेचा आणि जास्त जोराचा असला की ढगातली वर चढणारी हवा फिरू लागते. असा फिरणारा ढग सोंड जमिनीला टेकवतो, त्याला टोर्नेडो म्हणायचं. बहुतेक टोर्नेडो शे-दीडशे मीटर रुंदीचे असतात, पाच-दहा मिनिटांत संपतात आणि रिकाम्या शेतातून निघून जातात. कुणाच्या कुंपणाचे खांब उपटले गेले, कुणाच्या गोठ्याचं छप्पर गेलं, एवढ्यावर भागतं. ज्या गावाबद्दल मी बोलणार आहे, त्याच्या नशिबी आलेला टोर्नेडो पावणेतीन किलोमीटर रुंद होता. गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढंही रुंद नव्हतं.

गावाचं नाव ग्रीन्सबर्ग. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, कायोवा परगण्याचं हे मुख्य ठिकाण. वस्ती चौदाशेच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कुणी शहर म्हणणार नाही. पण तिथे नगरपालिका होती, महापौर होता, न्यायालय होतं, रुग्णालय होतं. भोवती गव्हाची शेतं आणि गुरं. गावात शिरताना लांबून दिसायची ती धान्य साठवण्याची काँक्रीटची उंच कोठारं. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रीन नावाच्या एका घोडागाडीवाल्यावरून गावाला हे नाव पडलं. या 'ग्रीन'चा हिरवाईशी काही संबंध नव्हता. तो पुढे कसा आला, ते सांगतोच.

गावाची शान म्हणजे एक विहीर. रेल्वेला आणि गावाला पाणी हवं म्हणून १८८७-८८ मध्ये कुदळ-फावड्याने खणलेली, १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद. माणसांच्या हातांनी खणलेली जगातली सर्वांत मोठी विहीर, अशी पाटी त्यांनी लावली होती. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिलेल्या माणसाला त्या पाटीचं हसू येईल. आपली विहीर खोलीला जवळपास तेवढीच आहे आणि रुंदीला त्याहून मोठी. असो. प्रत्येक गावाला मिरवायला काहीतरी लागतंच. महामार्गावरून जाणारे लोक विहीर बघायला थांबत, चहा-कॉफी घेत आणि पुढे जात. त्या शेजारीच जवळच्या शेतात सापडलेली हजार पौंड वजनाची एक उल्काही ठेवलेली होती. म्हणजे आभाळातून काही पडण्याची गावाला सवय होती म्हणायची!

माझा या गावाशी संबंध आला तो लेकीमुळे. ती आणि जावई विचिटा शहरात राहतात, तिथून ग्रीन्सबर्ग मोटारीने दोनेक तासांच्या अंतरावर आहे. मी सरकारी नोकरीत स्थापत्य अभियंता होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर काही वर्षं मी लातूर जिल्ह्यात पुनर्वसनाच्या कामावर होतो. त्यामुळे पडलेलं गाव दिसलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. २००७ च्या जुलैमध्ये लेकीकडे गेलो होतो. "बाबा, तुम्ही सुट्टीवर आला आहात की तपासणीला?" असं ती म्हणाली, पण मला तिथे घेऊन गेली. पुढे २०१२ आणि २०१९ मध्येही मी जाऊन आलो.

आता त्या रात्रीबद्दल. ४ मे २००७, शुक्रवार. रात्री पावणेदहाच्या सुमारास टोर्नेडो दक्षिणेकडून गावावर आला. काही मिनिटांत गावातल्या शंभरातल्या पंचाण्णव इमारती गेल्या. शाळा, रुग्णालय, देवळं, पाण्याची टाकी, दुकानं, सगळं गेलं. न्यायालयाची जुनी इमारत आणि धान्याची कोठारं तेवढी उभी राहिली. वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या पुढे असावा, असं नंतर ठरवलं गेलं. 'ठरवलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. टोर्नेडोच्या पोटात वेगमापक धरून कुणी उभं नसतं. नंतर तज्ज्ञ येतात आणि कोणत्या प्रकारचं घर किती मोडलं, झाडांची साल कशी सोलली गेली, हे बघून वेगाचा अंदाज बांधतात. जपानी वंशाचे शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी शिकागोत बसून ही पद्धत बसवली. तिची सुधारलेली श्रेणी १ फेब्रुवारी २००७ पासून लागू झाली आणि तीनच महिन्यांत त्यातली सर्वांत वरची, पाचवी पायरी पहिल्यांदा लागली ती ग्रीन्सबर्गला.

मृतांचा आकडा गावापुरता अकरा-बाराच्या घरात राहिला. प्रत्येक माणूस मोलाचा, हे खरंच. पण चौदाशे वस्तीचं गाव रात्रीच्या वेळी जमीनदोस्त होतं आणि बाराशे-तेराशे माणसं सकाळी ढिगाऱ्यातून चालत बाहेर येतात, हे कसं झालं? २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर आणि सातुरिया या भागात असाच टोर्नेडो आला. त्यात सुमारे तेराशे माणसं गेली असं मानतात. जगातला तो सर्वांत जीवघेणा टोर्नेडो. निसर्ग दोन्हीकडे सारखाच क्रूर होता. फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी.

पहिली गोष्ट भोंगा. डॉज सिटी इथल्या हवामान कचेरीतली मंडळी त्या रात्री रडारवर हा टोर्नेडो सरकताना बघत होती. तो थेट गावावर जातोय, हे दिसल्यावर त्यांनी नेहमीच्या इशाऱ्याच्या पुढचा, अत्यंत निकडीचा इशारा दिला. गावातला भोंगा वाजला. लोकांना साधारण वीस मिनिटं मिळाली. वीस मिनिटांत पेटी भरून होत नाही, पण जिना उतरून होतो. दुसरी गोष्ट म्हणजे तो जिना. तिथल्या बहुतेक जुन्या घरांना तळघर असतं. हिवाळ्याच्या थंडीमुळे पाया खोल न्यावाच लागतो, मग त्यातच तळघर काढतात. शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं की भोंगा वाजला की तळघरात जायचं, खिडकीपासून दूर, डोकं झाकून बसायचं. बांगलादेशच्या त्रिभुज प्रदेशात चार हात खणलं की पाणी लागतं. तिथे तळघर कुठून असणार? आणि पत्र्याच्या घरात बसलेल्या माणसाला कुणी सांगितलं असतं, तरी त्याने कुठे जायचं होतं?

किल्लारीला माणसं मेली ती बऱ्याच अंशी घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर भूकंपात अंगावर आलं. ग्रीन्सबर्गला घर गेलं, पण घराखालच्या खड्ड्याने माणसं राखली. आम्ही अभियंते मजबुतीच्या गोष्टी फार करतो. सगळं घर टिकलं नाही तरी घरातला एक कोपरा टिकेल, एवढं जरी पाहिलं तरी पुष्कळ जीव वाचतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन महिने उलटले होते. पुष्कळसा राडारोडा उचलून झाला होता, तरी सगळीकडे यंत्रं चालू होती. डोळ्यांना सर्वांत आधी जाणवली ती झाडं. बुंधे उभे होते, पण फांद्या नाहीत, साल नाही. पांढरे खुंट ओळीने उभे. आणि सावली कुठेच नाही. जुलैच्या उन्हात चौदाशे लोकांच्या गावात उभं राहायला सावली नाही म्हणजे काय, ते तिथे कळतं. रस्ते तसेच होते, चौकातल्या पाट्या नव्या लावल्या होत्या. त्या नसत्या तर आपण कोणत्या गल्लीत आहोत हे गाववाल्यालाही कळलं नसतं. घर नाही, पण फुटपाथपासून दारापर्यंत जाणारी काँक्रीटची पायवाट मात्र आहे, आणि ती एका खड्ड्यापाशी संपते, असं किती ठिकाणी दिसलं.

केंद्र सरकारच्या आपत्ती यंत्रणेने, म्हणजे 'फेमा'ने, गावाबाहेर चाकांच्या तात्पुरत्या घरांची वसाहत केली होती. पांढऱ्या डब्यांच्या रांगा. पत्र्याच्या शेडमधली आपली वसाहत डोळ्यांसमोर आली. डबा चांगला होता, वातानुकूलित होता, पण लोकांच्या चेहऱ्यावरचा भाव तोच होता. अर्धवट आभार आणि अर्धवट चिडचिड. फुकट मिळालेल्या घराला नावं ठेवणं बरं दिसत नाही आणि ते घर आपलं वाटत नाही, अशी ती अवस्था असते.

तिथे एका वयस्कर गृहस्थांची भेट झाली. आपल्या मोकळ्या जागेवर खुर्ची टाकून ते बसले होते. घर नव्हतं, खुर्ची होती. आम्ही थांबलो. मी कोण, कुठला, हे लेकीने सांगितलं. भूकंपाच्या गावात काम केलंय म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "मग तुमच्याकडे लोक परत आले का?" मी म्हटलं, "आमच्याकडे लोकांना दुसरीकडे जायला वावच नव्हता. जमीन तिथेच होती." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इथे जागा भरपूर आहे, म्हणूनच सगळे जाणार."

त्यांचं म्हणणं मला पुढे हिशेबाने पटलं. ग्रीन्सबर्गमधली घरं जुनी होती. लहान गावातल्या जुन्या घराला बाजारात किंमत फारशी नसते, आणि विमा उतरवलेला असतो तो बऱ्याचदा त्या किमतीच्या आसपास. नवं घर बांधायचं तर विटा, लाकूड, मजुरी आजच्या भावाने. म्हणजे विम्याचे पैसे आले तरी त्यात घर उभं राहत नाही. सत्तरीतल्या विधवा बाईने नवं कर्ज काढायचं कशासाठी? ती मुलाकडे दुसऱ्या गावी जाते. भाड्याने राहणाऱ्यांचं तर विचारूच नका. घर मालकाचं, विमा मालकाचा, यांच्या वाट्याला फक्त सामानाचे चार पैसे. असे लोक कुणावरही न रागावता, निरोप घेऊन निघून गेले. २००० च्या जनगणनेत गावची वस्ती १,५७४ होती. २०१० मध्ये ती ७७७ भरली.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गाव टोर्नेडोच्या आधीपासूनच ओसरत होतं. शेती यंत्रांवर गेली, पोरं शहरात गेली. आपल्या मराठवाड्या-विदर्भातल्या गावांसारखंच. त्यामुळे मोडलेल्या गावापुढचा खरा प्रश्न 'कसं बांधायचं' हा नव्हता, 'कशासाठी बांधायचं' हा होता. पूर्वी होतं तसंच परत बांधलं, तर वीस वर्षांनी ते पुन्हा ओस पडणारच होतं, फक्त या वेळी हळूहळू.

यावर चर्चा झाली ती एका मोठ्या तंबूत. शेकडो लोक जमत. महापौर लॉनी मॅक्कॉलम आणि नगरपालिकेचे प्रशासक स्टीव्ह ह्यूइट यांनी, आणि राज्यपाल कॅथलीन सिबेलियस यांनीही, पहिल्या काही दिवसांतच एक कल्पना पुढे केली: बांधायचंच आहे तर ऊर्जा आणि पाणी वाचवणारं, पर्यावरणाला जपणारं गाव बांधू. नाव ग्रीन्सबर्ग आहेच, ते खरं करून दाखवू. आता हा भाग पुराणमतवादी शेतकऱ्यांचा. 'ग्रीन' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर येणार ते कॅलिफोर्नियातले लांब केसांचे लोक. सुरुवातीला पुष्कळांनी नाकं मुरडली. मॅक्कॉलम यांनीही लवकरच पद सोडलं. त्यांचंही घर गेलेलं होतं, हे विसरून चालणार नाही.

मग मन वळलं कसं? मला वाटतं, भाषा बदलल्यामुळे. पुढे महापौर झालेले बॉब डिक्सन गावोगावच्या भाषणांत सांगत, की हे नवं काहीच नाही, आपले आजे-पणजे असेच राहत होते. त्यांनी पाण्यासाठी पवनचक्की लावली, वारा-ऊन बघून घर बांधलं, काही वाया घालवलं नाही. हे ऐकल्यावर शेतकऱ्याला ते आपलं वाटलं. उपदेश केला असता तर कुणी ऐकलं नसतं. शिवाय वीज आणि गॅसच्या बिलाचा हिशेब शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही.

डिसेंबर २००७ मध्ये नगरपालिकेने ठराव केला, की चार हजार चौरस फुटांहून मोठी प्रत्येक सरकारी इमारत 'लीड' या हरित मानांकनाच्या सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम पातळीची असेल. असा ठराव करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. नगरपालिका, रुग्णालय, शाळा त्याप्रमाणे उभी राहिली. मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड, जमिनीखालच्या स्थिर तापमानाचा वापर करून गरम-थंड होणाऱ्या खोल्या, साठवलेलं पावसाचं पाणी. रस्त्यावरचे दिवे सगळे एलईडी. कॅन्सस विद्यापीठातल्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक छोटं कलाकेंद्र बांधून दिलं आणि त्याला नाव दिलं '५.४.७', म्हणजे मे महिन्याची चार तारीख, सन सात. धान्याची कोठारं वादळात टिकली, म्हणून एका स्वयंसेवी संस्थेने कोठाराच्या आकाराचं गोल काँक्रीटचं नमुन्याचं घरही बांधलं. 'टायटॅनिक'मधला नायक लिओनार्दो डिकॅप्रियो याने या गावावर दूरचित्रवाणी मालिका काढली. दुसरे राष्ट्राध्यक्ष बुश तर दोनदा आले, एकदा ढिगाऱ्यात आणि पुढच्या वर्षी त्याच ४ मे रोजी शाळेच्या पदवीदान समारंभाला.

हे सगळं बघायला मी २०१२ मध्ये गेलो, तेव्हा गावाबाहेर दहा पवनचक्क्या फिरत होत्या. प्रत्येकी सव्वा मेगावॅटच्या, एकूण साडेबारा मेगावॅट. गावाला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त वीज त्या तयार करतात, उरलेली ग्रिडमध्ये जाते. मी सहज चौकशी केली, यंत्रं कुणाची? तर सुझलॉनची. म्हणजे आपल्या पुण्याच्या हडपसरला जिचं मुख्यालय आहे, त्या कंपनीची. कॅन्ससच्या माळावर उभं राहून लेकीला मराठीत "अगं, ही तर आपली हडपसरची!" असं मी एवढ्या मोठ्याने म्हणालो, की शेजारच्या गाडीतले लोक बघायला लागले. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर, धुळ्याकडे, ज्या पाती आपण बघतो, त्यांचीच ही भावंडं.

पण मी केवळ कौतुक करायला बसलेलो नाही. नव्या शाळेसमोर उभा राहून मी भोवती बघितलं, तर इमारती मोठ्या आणि माणसं थोडी. सरकारी मदत, विमा, देणग्या यांतून हे झालं. पाहायला देशोदेशीचे लोक आले, पण नवे उद्योग आशा होती तेवढे आले नाहीत. नव्या धंद्यांना स्वस्तात गाळे मिळावेत म्हणून मुद्दाम एक इमारत बांधली होती. त्यात काही दुकानं चालली, काही बंद पडली. २०२० च्या जनगणनेत वस्ती ७४० होती. हरित गाव म्हणून जगभर नाव झालं, पण गेलेलं अर्धं गाव काही परत आलं नाही.

मग हे फसलं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. आजूबाजूची तेवढीच गावं, ज्यांच्यावर कोणताही टोर्नेडो आला नाही, तीही आकसतच चालली आहेत. ग्रीन्सबर्गमध्ये निदान रुग्णालय आहे, शाळा आहे. गावात या दोन गोष्टी असणं म्हणजे काय, ते आपल्या दुर्गम तालुक्यातल्या माणसाला विचारा. कसोटी लावायची तर आकड्याची लावू नये, राहिलेल्यांचं रोजचं जगणं बघावं.

आणि लातूरशी तुलना करताना एक गोष्ट मला सारखी जाणवते. आपल्याकडे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, एका मापाची घरं. घरं पक्की झाली, यात शंका नाही. पण गल्ली गेली, वाड्याचा चौक गेला, शेजार विस्कटला, शेत लांब पडलं. पुष्कळांनी पक्क्या घरासमोर पुन्हा पत्र्याचं छप्पर टाकलं आणि रात्री त्याखाली झोपू लागले, कारण डोक्यावरच्या जड छताची भीती मनातून जात नव्हती. ग्रीन्सबर्गला गाव जागचं हललं नाही. जुनेच रस्ते, जुनीच नावं. ज्याची जागा त्याचीच राहिली. तंबूतल्या सभेला येणाऱ्या माणसाला आपली गल्ली नकाशावर बोट ठेवून दाखवता येत होती. हे जमलं ते त्यांच्याकडे पैसा होता म्हणून, आणि माणसं थोडी होती म्हणूनही. शेकडो गावं एका पहाटेत मोडली होती, तिथे हेच जमलं असतं, असं म्हणायला मी धजणार नाही.

घरांची भीती मात्र तिकडेही तीच. नवं घर बांधताना बाईमाणसं पहिला प्रश्न तळघराचा विचारत. स्वयंपाकघर कसं, फर्निचर कुठलं, हे नंतर. ढग काळे होऊन आले की मुलं आईला सोडत नसत, असं एका शिक्षिकेने मला सांगितलं. सरकारी अहवालात या गोष्टी येत नाहीत, त्यांना रकाना नसतो.

ढिगाऱ्यातून ती हजार पौंडांची उल्काही सापडली. विहिरीभोवती नवं संग्रहालय झालं, २०१२ मध्ये ते उघडलं. आत गोल जिन्याने विहिरीत उतरता येतं आणि भिंतीवर त्या रात्रीची हकीकत मांडलेली आहे. उल्का आता तिथेच बसली आहे.

२०१९ मध्ये गेलो तेव्हा ते खुर्चीवाले गृहस्थ भेटले नाहीत. त्यांच्या जागेवर घर झालेलं नव्हतं, हिरवळ होती, आणि ती कुणीतरी नीट कापून ठेवलेली होती. अशा मोकळ्या जागा गावात अजून पुष्कळ आहेत. पायवाटा काढून टाकल्या आहेत, पण रस्त्याच्या कडेला जिथे गाडी आत वळायची, तिथला उतार तसाच दिसतो. पलीकडच्या घराच्या ओसरीत एक बाई बसल्या होत्या. मी झाडांकडे बघतोय हे पाहून त्यांनी सांगितलं, की ही सगळी एका वयाची आहेत, वादळानंतर लावलेली. गावात म्हातारं झाड नाहीच. अंगणातलं त्यांचं झाड तेव्हा छपराएवढं झालं होतं. त्याची सावली दुपारी तीननंतर ओसरीपर्यंत येते, आधी पायरीवर येते आणि मग खुर्चीपर्यंत, असं त्या म्हणाल्या, आणि आम्हाला बसायला त्यांनी दुसरी खुर्ची ओढली.